मायक्रोफोन आपोआप हलवून खोलीचा आवाज मोजायचा आहे: स्वस्तातली जुळणी

घुमारा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेलं काम आता हाती घेतलंय, म्हणून हा धागा. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, २.८ मीटर उंच. स्पीकर लावला की या खोलीत कुठे खर्ज दाटून येतो आणि कुठे तो गायबच होतो, ते मला जागोजागी मोजून नकाशावर मांडायचं आहे.

आजवर हे हातानं केलं. जमिनीवर खडूनं चौकटी आखल्या. स्टँडच्या दांडीला ओळंबा बांधला. ओळंब्याचं टोक खडूच्या फुलीवर स्थिरावेपर्यंत स्टँड सरकवायचा, उंची टेपनं तपासायची, पाय न वाजवता बाहेर जायचं, दार ओढायचं, स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा चाचणीचा सूर) वाजवायचा, परत आत यायचं. एका बिंदूला चार-पाच मिनिटं जातात. चाळीस बिंदू होईपर्यंत रात्र सरते. शेवटी पहिल्या फुलीवर परत जाऊन मोजलं, तर आलेख पहिल्यासारखा येत नाही. मग मधल्या एकोणचाळीस मापांवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

म्हणून मायक्रोफोन मोटारीनं हलवायचा आहे. अपेक्षा तीनच आहेत. मोजताना खोलीत माणूस नको. त्याच जागी पुन्हा जाता आलं पाहिजे. आणि यंत्रानं स्वतः आवाज करू नये, आवाज अडवूही नये. हाताशी एका बंद पडलेल्या थ्रीडी प्रिंटरचे अवयव आहेत: नेमा १७ मापाच्या दोन स्टेपर (टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या) मोटारी, जीटी२ दातेरी पट्टा, २० दात्यांच्या पुली, आणि एक अर्डुइनो ऊनो (छोटा नियंत्रक बोर्ड). नवीन काही फारसं विकत घ्यायचं नाही.

रचना कशी करावी? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

मोजणीदार

चांगला विषय. पण आधी एक ठरवा, तुम्हाला नेमकं काय मोजायचंय?

घुमणं किती वेळ टिकतं एवढंच हवं असेल, म्हणजे आवाज ६० डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ, तर यंत्राच्या नादी लागू नका. आयएसओ ३३८२-२ या घुमण्याचा काळ मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अभियांत्रिकी पद्धतीत स्पीकर आणि मायक्रोफोनच्या जागांच्या सहा जोड्या पुरतात, अचूक पद्धतीत बारा. मायक्रोफोनच्या जागा एकमेकींपासून सुमारे २ मीटर लांब, भिंती-जमिनीपासून सुमारे १ मीटर लांब, आणि स्पीकरच्या फार जवळ नकोत. तुमच्या खोलीत घुमण्याचा काळ ०.४ सेकंद धरला तर स्पीकरपासून किमान अंतर सव्वा मीटरच्या थोडं वर येतं. हे काम स्टँड घेऊन तासाभरात होतं. मी वर्गखोल्या अशाच मोजतो.

अवांतर: वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं १८९५ पासून हार्वर्डच्या फॉग व्याख्यानगृहात जे मोजलं ते ऑर्गनची नळी, घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्यावर. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मोजायचं, आणि सकाळच्या आत परत ठेवायच्या. त्यातून निघालेलं सूत्र आपण आजही वापरतो. त्याला कळून चुकलं होतं की मोजणाऱ्याचं शरीरसुद्धा आवाज शोषतं. तुमची पहिली अपेक्षा म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

घुमारा

मोजणीदार, धन्यवाद. घुमण्याचा काळ मोजून झालाय, ०.४ च्या आसपासच आहे. मला नकाशाच हवा आहे, आणि तोही मुख्यतः खर्जाचा.

निशिगंधा_के

मग वरची मर्यादा आधी ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरेल.

दोन बिंदूंमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्म्यापेक्षा कमी असावं लागतं, नाहीतर मधे काय चाललंय ते नकाशात खोटं दिसतं. २५ सेंटीमीटरची जाळी घेतली तर साधारण ६८० हर्ट्झपर्यंत नकाशा खरा. १ किलोहर्ट्झ हवा असेल तर १७ सेंटीमीटर. २० किलोहर्ट्झपर्यंत नकाशा काढायचा म्हटलं तर बिंदू साडेआठ मिलिमीटरवर घ्यावे लागतील, तो विचार सोडूनच द्या.

आणि त्याची गरजही नाही. तुमची खोली ५६ घनमीटर, काळ ०.४ सेकंद. ०.४ भागिले ५६, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००: साधारण १७० हर्ट्झ. ही श्रोडर फ्रिक्वेन्सी. तिच्याखाली खोलीचे मोड (भिंतींच्या मधे उभ्या राहणाऱ्या ठराविक लहरी) सुटेसुटे ओळखता येतात आणि नकाशाला अर्थ असतो. तिच्यावर इतके मोड एकमेकांत मिसळतात की सरासरीच बोलते. २५ सेंटीमीटर तुम्हाला भरपूर झाले.

तुलनेसाठी सांगते. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मेशआरआयआर नावाचा मापांचा संच खुला केला. त्यात यंत्रानं मायक्रोफोन हलवून १ मीटर × १ मीटर × ४० सेंटीमीटर एवढ्या जागेत ५-५ सेंटीमीटरवर मापं घेतली आहेत, एकूण ३९६९ बिंदू. हातानं हे होणं नाही.

पट्टीपुली

यंत्राबद्दल मी बोलतो. तीन रस्ते आहेत.

पहिला, फिरती दांडी: मधे एक मोटार, टोकाला मायक्रोफोन. बनवायला सगळ्यात सोपी, सरासरी काढायला उत्तम, पण मायक्रोफोन एका वर्तुळावरच फिरतो. नकाशा नाही.

दुसरा, रुळांचा सांगाडा, मोठ्या प्रिंटरसारखा. अचूकता छान. पण २ मीटरची दांडी मधे वाकू नये म्हणून जाड घ्यावी लागते आणि मग खोलीत एक नवीन फर्निचरच उभं राहतं. शिवाय २० मिलिमीटर जाडीची दांडीसुद्धा ५ किलोहर्ट्झच्या पुढे आवाज विखरायला लागते. खर्जाला तिचा त्रास नाही, हे खरं.

तिसरा, टांगलेला. समोरासमोरच्या दोन उंच खांबांवर एकेक मोटार, दोन पट्टे, मधे लटकणारा मायक्रोफोन. पट्ट्यांची लांबी बदलली की तो उभ्या प्रतलात कुठेही जातो. तुमच्याकडच्या सामानात हाच बसतो. खोलीत हवेत असतो तो फक्त ६ मिलिमीटर रुंदीचा पट्टा.

गणित पायथागोरसचं:

डावा पट्टा = √(क्ष² + य²)
उजवा पट्टा = √((रुंदी − क्ष)² + य²)

क्ष म्हणजे डाव्या पुलीपासून आडवं अंतर, य म्हणजे पुलींच्या रेषेपासून खाली, रुंदी म्हणजे दोन पुलींमधलं अंतर.

दोन गोष्टी मनावर घ्या. दोरा रिळावर गुंडाळू नका. थरावर थर चढला की रिळाचा व्यास बदलतो आणि हिशेब हळूहळू चुकत जातो. मी त्यात एक आख्खा आठवडा घालवलाय. दातेरी पट्टाच पुलीवरून न्या आणि मोकळ्या टोकाला वजन टांगा. दुसरं, मायक्रोफोन फार वर नेऊ नका. पुली ३.६ मीटर अंतरावर धरल्या, तर मध्यभागी पुलींच्या रेषेपासून ४५ सेंटीमीटर खाली प्रत्येक पट्ट्यात टांगलेल्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. २० सेंटीमीटरवर तोच साडेचारपट होतो. मोटारीचे टप्पे तिथेच निसटतात.

सेमिकोलन

वाचतेय. सॉफ्टवेअर लागलं तर हाक मारा.

घुमारा

पट्टीपुली, टांगलेला प्रकार पक्का केला. निशिगंधाताई, जाळी २५ सेंटीमीटरचीच.

चार दिवसांच्या कामानंतर चित्र असं: खांबांवर पुली २.६ मीटर उंचीवर, ३.६ मीटर अंतरानं. दोन्ही पट्टे एकाच कडीत येऊन मिळतात, म्हणजे मायक्रोफोन धरणारा पाळणा तिरका होत नाही. कडीपासून ४० सेंटीमीटर खाली एक पातळ नळी, तिच्या टोकाला ६ मिलिमीटरची इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे छोटा मायक्रोफोन. जाळी आडवी ११ आणि उभी ६, म्हणजे ६६ बिंदू. जमिनीपासून अर्ध्या मीटरपासून पावणेदोन मीटरपर्यंत.

बोर्डावर जीआरबीएल (मोटारी चालवणारं सॉफ्टवेअर) चढवलंय. पट्ट्यांच्या लांब्या पायथनमध्ये काढतो आणि एक्स म्हणून डावी, वाय म्हणून उजवी पाठवतो. मधला प्रवास सरळ रेषेत होत नाही, पण आपण फक्त थांब्यांवर मोजतो, त्यामुळे बिघडत नाही. २० दाते, २ मिलिमीटर अंतर, म्हणजे एका फेऱ्याला ४० मिलिमीटर. २०० टप्पे, प्रत्येकाचे १६ भाग, म्हणजे मिलिमीटरला ८०.

मर्यादा-स्विच नाहीत. सुरुवातीला पाळण्याला ओळंबा लावून, त्याचं टोक जमिनीवर चिकटवलेल्या कागदावरच्या पेन्सिलच्या फुलीवर आणतो आणि तेच घर मानतो. पहिल्यांदा ६६ बिंदू फिरून पाळणा परत आला, तेव्हा मी कागदाजवळ डोकं टेकवून बसलो होतो. टोक फुलीच्या या बाजूला, त्या बाजूला डोलत राहिलं, झोका लहान लहान होत गेला आणि शेवटी ते पेन्सिलच्या रेघेच्या जाडीत येऊन थांबलं. खूप बरं वाटलं.

पण मोजमापात गडबड आहे. एकाच बिंदूवर वीस वेळा जाऊन-येऊन मोजलं. ३०० हर्ट्झच्या खाली आलेख एकावर एक बसतात. ४ किलोहर्ट्झच्या वर सगळे विस्कटलेले. कधी बरे, कधी अगदीच वेगळे. नकाशासाठी मला वरचं नको आहे हे मान्य, पण कारण कळल्याशिवाय पुढे जावंसं वाटत नाही.

सेमिकोलन

बरोबर आहे तुमचं, कारण शोधाच. कोड दाखवता का? हलवण्याची आज्ञा दिल्यावर "ओके" आलं की लगेच स्वीप सुरू करताय का?

घुमारा

हो. ओके आलं की ५ सेकंद थांबतो, मग स्वीप.

सेमिकोलन

तिथेच घोळ आहे. जीआरबीएलचं ओके म्हणजे "आज्ञा समजली, रांगेत घेतली". "पोचलो" असा त्याचा अर्थ नाही. लांबचा पल्ला असेल तर तुमचे ५ सेकंद प्रवासातच जातात आणि स्वीप सुरू होतो तेव्हा मायक्रोफोन अजून चालत असतो. जवळच्या बिंदूवरून आलात तर ठीक, लांबून आलात तर बिघडलं. "कधी बरे, कधी वेगळे" ते यामुळेच.

उपाय दोन. प्रश्नचिन्ह पाठवून स्थिती विचारत राहायची आणि "आयडल" (म्हणजे मोटारी थांबल्या) येईपर्यंत स्वीप सुरू करायचा नाही. किंवा हलवण्याच्या आज्ञेमागून जी४ ची छोटी थांबण्याची आज्ञा द्यायची. तिचं ओके रांग रिकामी झाल्यावरच येतं. मी दोन्ही करते.

आणखी एक. स्पीकरला जाणारा सिग्नल साउंड कार्डाच्या दुसऱ्या इनपुटला परत जोडलाय ना? नसेल तर जोडा. संगणक दर वेळी थोडा वेगळा उशीर लावतो. ती दुसरी वाहिनी सोबत असली की उशीर वजा करून टाकता येतो. यूएसबी मायक्रोफोनचं घड्याळ स्वतंत्र असतं, तिथे ही सोय नाही. तुमची साधी कॅप्सूल इथे जास्त कामाची.

पट्टीपुली

सेमिकोलनताईंनी मूळ पकडलं. पण पोचल्यावरही झोका असतोच.

पट्ट्यांच्या प्रतलात पाळणा बऱ्यापैकी बांधलेला असतो. प्रतलाच्या बाहेर, पुढे-मागे, तो साधा लंबक आहे. पुलींच्या रेषेपासून मायक्रोफोन किती खाली आहे त्यावर झोक्याचा काळ ठरतो: तुमच्या वरच्या ओळीत २ सेकंदांच्या आत, खालच्या ओळीत जवळजवळ ३. १ सेंटीमीटरचा झोका असेल तर ३०० हर्ट्झला तो जाणवणारही नाही, तिथे तरंगलांबी ११४ सेंटीमीटर. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरपेक्षा कमी. तिथे हा झोका मापाची वाट लावतो.

वेग वाढवताना-कमी करताना हात सैल ठेवा, म्हणजे प्रवेग कमी ठेवा. आणि मायक्रोफोनची वायर बघा. ती एका बाजूनं ओढत असेल तर झोका तीच सुरू करते. वायर पातळ आणि मऊ घ्या, आणि दोन्ही पुलींच्या बरोबर मध्यावर वरून सैल झोळ देऊन सोडा.

घुमारा

सेमिकोलन, पट्टीपुली, दोघांचेही मनापासून आभार. आयडल येईपर्यंत थांबणं घातलं, प्रवेग निम्म्यावर आणला, वायर बदलून मधून सोडली, आणि पोचल्यावर २० सेकंद झोका जिरू देतो. एका बिंदूला ५ सेकंद प्रवास, २० सेकंद थांबणं, ८ सेकंद स्वीप आणि ३ सेकंद शांतता. ६६ बिंदू ४० मिनिटांत होतात, आणि मी बाहेर बसलेला असतो.

वीस फेऱ्यांची चाचणी पुन्हा केली. विस्कटलेपणा गेला. मायक्रोफोनपर्यंत थेट येणारा पहिला आवाज आता दर वेळी रेकॉर्डिंगच्या जवळजवळ एकाच नमुन्यावर (सॅम्पलवर) येतो.

पण एक नवीन गोष्ट दिसतेय. पहिली फेरी आणि विसावी फेरी यांच्यात इम्पल्स रिस्पॉन्सची (स्वीपवरून काढलेला, टाळीसारख्या क्षणिक आवाजाला खोलीचा प्रतिसाद) सुरुवात जुळते, शेपूट जुळत नाही. आणि हे अचानक होत नाही. पहिली-दुसरी जवळजवळ सारख्या, पहिली-दहावी थोड्या वेगळ्या, पहिली-विसावी जास्त. मायक्रोफोन हळूहळू घसरतोय का?

निशिगंधा_के

घसरत असता तर सुरुवातही सरकली असती. खोलीत तापमापक आहे का? सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान सांगा.

घुमारा

आज लावून बघितलं. सुरुवातीला २५.०, शेवटी २६.५. दार-खिडक्या बंद, आणि आत अँप्लिफायर, मोटारींचा वीजपुरवठा, लॅपटॉप, सगळं चालू.

निशिगंधा_के

मग उत्तर मिळालं. तापमान १ अंशानं वाढलं की ध्वनीचा वेग साधारण ०.१७ टक्क्यांनी वाढतो. दीड अंशाला पाव टक्का. हे किरकोळ वाटतं, पण शेपटीतला आवाज भिंतींमधून खूप फिरून आलेला असतो. २०० मिलीसेकंद प्रवास केलेला आवाज पाव टक्क्यानं म्हणजे अर्धा मिलीसेकंद लवकर येतो. सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना ते सुमारे २४ नमुने. थेट येणारा आवाज मात्र ७-८ मिलीसेकंदच चाललेला असतो, त्याचा फरक एका नमुन्याच्या आसपास. म्हणून सुरुवात जुळते, शेपूट जुळत नाही.

पडताळा असा घ्या: पहिल्या फेरीचा रिस्पॉन्स पाव टक्क्यानं आकसवा आणि विसाव्यावर ठेवून बघा. शेपूट जुळली तर शंका राहणार नाही.

घुमारा

आकसवून बघितलं. ०.२५ टक्क्यांवर शेपूट चपखल बसली! तुमचं उत्तर वाचून आकडा घालण्याआधी मी ०.१ पासून ०.४ पर्यंत सगळे आकडे लावून पाहिले होते. सगळ्यात चांगली जुळणी तिथेच येते. कानानं ऐकताना ज्याचा पत्ताही लागला नसता, अशी एक गोष्ट या यंत्रानं दाखवली. हातानं मोजताना पहिली फुली शेवटी का जुळत नव्हती, त्याचं निम्मं उत्तर हेच असावं. मी आत-बाहेर करत होतो, दार उघडत होतो, माझ्या अंगाची ऊबही तिथेच होती.

मोजणीदार

यातून पुढचा धडा घ्या आणि बिंदूंचा क्रम बदला. तुम्ही डावीकडून उजवीकडे ओळीनं जाता. खोली तापत जाते ती त्याच क्रमानं. मग नकाशात डावी-उजवी बाजू वेगळी दिसेल आणि तुम्ही ती खोलीचा गुण समजून बसाल. बिंदू मिसळून घ्या.

पट्टीपुली

पूर्ण मिसळलेत तर प्रवास लांबतो, झोका वाढतो. जाताना एकाआड एक बिंदू घ्या आणि येताना मधले सुटलेले. दर दहा बिंदूंनंतर घरच्या बिंदूवर येऊन एक माप. सरकणं किती झालं ते आपोआप नोंदलं जाईल.

निशिगंधा_के

आणि वीजपुरवठा, लॅपटॉप बाहेर काढा. त्यांच्या पंख्यांचा आवाजही जाईल.

अनुनाद७

वाचनखूण साठवली. एक शंका, मोटारी थांबलेल्या असताना बारीक शिट्टीसारखा आवाज करतात ना? त्यांचा प्रवाह तोडला तर पाळणा खाली येईल. त्याचं काय केलंत?

घुमारा

अनुनाद, बरोबर पकडलंत. आधी मोटारींना प्रवाह देणारे ड्रायव्हर ए४९८८ होते. थांबल्यावर त्यांची सळसळ मायक्रोफोनला स्वच्छ ऐकू यायची. ते काढून टीएमसी२२०९ लावले, त्यांच्या शांत पद्धतीत ठेवले. आता खांबाला कान लावला तरच काहीतरी आहे असं कळतं. मोकळ्या टोकांच्या वजनांनी पाळण्याचा बराच भार उचललाय, त्यामुळे थांबल्यावरचा प्रवाह एक तृतीयांशावर आणता आला. पूर्ण तोडत नाही. जीआरबीएलमध्ये $1 ही सेटिंग २५५ ठेवली की मोटारी कायम धरून राहतात. वीज गेली तर म्हणून खाली फोमची गादी अंथरलेली असते.

मोटारीच्या तारा आणि मायक्रोफोनची वायर एकाच खांबावरून नेऊ नका. मी नेल्या होत्या, रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक यायची.

सेमिकोलन

स्वीप कुठला वापरताय? सरळ वाढणारा की घातांकी?

घुमारा

घातांकी, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. अँजेलो फरीना या ध्वनिसंशोधकानं २००० साली मांडलेली पद्धत. स्पीकरची विकृती मुख्य इम्पल्सच्या आधी वेगळी पडते, ती कापून टाकता येते. खर्जात स्पीकरवर ताण येतो, तिथे याचा मोठा उपयोग होतो. शिवाय स्वीपचा वेळ खालच्या सप्तकांवर जास्त खर्च होतो, आणि मला हवं आहे तेही तिथेच.

मोजणीदार

गोंगाटाकडे लक्ष असू द्या. ३० डेसिबलची घसरण वाचायची तर शिखरापासून पार्श्वभूमीपर्यंत ४५ डेसिबल मोकळे लागतात. कमी पडले तर आवाज वाढवण्याआधी स्वीप लांबवा. लांबी दुप्पट केली की ३ डेसिबल मिळतात.

घुमारा

मंडळी, पहिला पूर्ण नकाशा झाला.

स्पीकर पुढच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला, सगळे मोड चेतवले जावेत म्हणून. प्रतल बसण्याच्या जागेतून जाणारं. लॅपटॉप आणि वीजपुरवठा बाहेर. तापमान ४० मिनिटांत ०.३ अंशानं हललं. घरचा बिंदू सात वेळा मोजला, सातही आलेख जुळले.

रुंदीचा पहिला मोड गणितानं ४२.९ हर्ट्झ. नकाशात ४३ च्या आसपास मधल्या स्तंभात खड्डा, दोन्ही बाजूंना चढ. पुस्तकातलं चित्र समोर उमटताना बघणं फार सुंदर होतं.

पण ६१ हर्ट्झला जे दिसलं त्याचा मी कधी विचारच केला नव्हता. १.२५ आणि १.५ मीटर उंचीच्या ओळींत पातळी एकदम पडते, सगळ्यात खालच्या ओळीपेक्षा ११ डेसिबलनं. आडवं कुठेही बघा, तीच पट्टी.

निशिगंधा_के

तो उंचीचा मोड. २.८ मीटरला ६१.२५ हर्ट्झ, शून्यरेषा बरोबर १.४ मीटरवर. हातानं मोजणारे सगळे एकाच उंचीवर स्टँड ठेवून जमिनीवर फिरतात, त्यामुळे तो त्यांच्या नकाशात येतच नाही.

खात्री करायची तर दोन गोष्टी बघा. एक, फक्त मधला स्तंभ घ्या. लांबी आणि रुंदी मिळून ५५ हर्ट्झला एक मोड आहे. ०.४ सेकंदांच्या हिशेबानं प्रत्येक मोड साडेपाच हर्ट्झ रुंद असतो, म्हणून तो ६१ च्या खड्ड्यात मिसळतो. रुंदीच्या मध्यावर त्याचं मूल्य शून्य, तिथे खड्डा जास्त स्वच्छ दिसायला हवा. दोन, फेज (लहर त्या क्षणी चढतेय की उतरतेय) बघा. १.४ मीटरच्या वरच्या आणि खालच्या ओळींची फेज उलट असेल.

घुमारा

दोन्ही बघितलं. मधल्या स्तंभात खड्डा १४ डेसिबलचा. फेज १.२५ आणि १.५ च्या मधेच उलटते.

बसल्यावर माझा कान जमिनीपासून १.२ मीटरवर येतो. इतकी वर्षं मी खर्ज कमी वाटतो म्हणून स्पीकर पुढे-मागे सरकवत होतो. मी स्वतःच खड्ड्याच्या काठावर बसलेलो होतो, आणि तो खड्डा मला आडव्या दिशेत शोधून सापडणारच नव्हता.

पट्टीपुली

जबरदस्त! मग आता खुर्ची बुटकी करणार?

निशिगंधा_के

गणितानं १.२ मीटरवर हा मोड जमिनीपेक्षा १३ डेसिबल खाली, १ मीटरवर ७ डेसिबल. २० सेंटीमीटर खाली बसलात तर ६ डेसिबल परत मिळतात, हे थोडं नाही. पण दुसरी बाजूही करून बघा. खर्जाचा स्पीकर जमिनीवरून उचलून १.४ मीटर उंचीवर ठेवा. शून्यरेषेवरून हा मोड चेततच नाही. मग खड्डाही राहणार नाही आणि जमिनीजवळचा फुगवटाही नाही. तुमच्याकडे आता मोजायचं साधन आहे, दोन्ही मोजा.

अनुनाद७

घुमारा, पायथनचा कोड आणि पाळण्याचं चित्र द्याल का? माझ्याकडे मोटारी आहेत, खांबांची सोय करतो. पुली किती उंचीवर लावू? माझी खोली २.६ मीटर उंच आहे.

घुमारा

अनुनाद, कोड उद्या नीट करून टाकतो, घरच्या बिंदूच्या नोंदीसकट. पुली छतापासून २० सेंटीमीटर खाली ठेवा, आणि सगळ्यात वरच्या ओळीत कडी पुलींपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर खाली राहील असं बघा. तुमच्याकडे उंचीचा मोड ६६ हर्ट्झला येईल, शून्यरेषा १.३ मीटरवर. त्या उंचीच्या आसपास ओळी १० सेंटीमीटरवर घ्या. माझ्या २५ च्या जाळीत नेमका तळ दोन ओळींच्या मधे राहून गेला.

निशिगंधाताई, स्पीकर उचलून ठेवायला स्टूल शोधलंय. शंकूचा मध्य १.४ मीटरवर येतो. आज रात्री लावून ठेवतो, उद्या सकाळी दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी टाकतो.

निशिगंधा_के

वाट बघते. तापमान दोन्ही वेळचं लिहायला विसरू नका.